साधा जनरेटर की इन्व्हर्टर जनरेटर? आधी सायकलचा डायनामो आठवा

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय. पण घरात दोघांचं ऑफिस लॅपटॉपवर चालतं आणि वरच्या टाकीत पाणी चढवायला पंपही लागतो, तेव्हा जनरेटरचा विषय निघतोच. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, चौकशी केली की साधा आणि इन्व्हर्टर असे दोन प्रकार पुढे येतात. दोन्ही पेट्रोलचे, दोन्हींवर २ केव्हीए (किती वीज पेलेल त्याचं माप) लिहिलेलं, पण किमतीत बरंच अंतर. (इथला इन्व्हर्टर म्हणजे घरातली बॅटरीची पेटी नव्हे.)

हे अंतर कशाचं ते सायकलचा जुना डायनामो सांगतो. टायरला टेकवलेल्या त्या बाटलीत चुंबक फिरायचा आणि तारेची कॉइल जागच्या जागी असायची. उत्तर टोक कॉइलसमोरून गेलं की वीज एका दिशेने, दक्षिण टोक गेलं की उलट दिशेने. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे शास्त्रज्ञ फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं, तेच हे. नाव डायनामो, पण काम एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देणाऱ्या जनरेटरचं. जोरात पेडल मारलं की दिवा लख्ख, सिग्नलला थांबलं की अंधार. आणि डायनामो टेकवला की पेडल जड व्हायचं. कॉइलमधून वीज वाहू लागली की तिचंही चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते फिरत्या चुंबकाला अडवतं. इस्त्री लावल्यावर जनरेटरचं इंजिन घुरघुरतं ते याचमुळे.

घरातल्या वस्तूंना हवेत २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० सायकल (दुचाकी नव्हे, विजेची एकदा पुढे-एकदा मागे अशी पूर्ण फेरी), तेही पेडल कसंही मारलं तरी. दोन जनरेटर हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवतात.

साधा जनरेटर पेडलचा, म्हणजे इंजिनाचा, वेगच बदलू देत नाही. रोटरला (फिरणाऱ्या चुंबकाला) दोन पोल, एक उत्तर आणि एक दक्षिण टोक, म्हणजे एका फेऱ्यात एक सायकल. ५० सायकलसाठी मिनिटाला ३००० फेरे हवेतच, मग लोड एका बल्बचा असो की पूर्ण. वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनाला मिळणारं इंधन) कमीजास्त करत राहतो. तरी मोठा लोड एकदम पडला की इंजिन दचकतं, दिवे लुकलुकतात. बऱ्याच मशीनमध्ये व्होल्टेज एव्हीआर (आपोआप व्होल्टेज आवरणारा छोटा बोर्ड) सांभाळतो. तो कार्बन ब्रशवाटे (फिरत्या रोटरला टेकलेले कार्बनचे तुकडे) रोटरच्या कॉइलला कमीजास्त डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, देतो आणि तिच्यामुळेच रोटर चुंबक बनतो.

इन्व्हर्टर जनरेटर म्हणतो, वेग काय वाटेल तो असू दे. त्यात बरेच पोल असलेला कायमचा चुंबक फिरतो. निघालेला एसी आधी डीसी होतो आणि मग इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यातून ५० सायकलचा स्वच्छ एसी घडवतो. लोड कमी असेल तर इंजिन हळू चालतं, पेट्रोल वाचतं आणि शेजारच्या काकू खिडकीत येत नाहीत. लॅपटॉप, राउटर, टीव्ही एवढंच चालवायचं असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन.

अडतं ते पंपापाशी. १ एचपीची मोटर चालताना साधारण ६-७ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागते. २ केव्हीए म्हणजे जेमतेम ८.७ अँपिअर. इन्व्हर्टरचा बोर्ड ओव्हरलोड दाखवून सरळ हात वर करतो. साधा जनरेटर थोडा दम धरतो, पण इतक्या छोट्या मशीनवर तोही बहुधा धापाच टाकेल. पंप हवाच असेल तर साधा, आणि निदान ५ केव्हीएचा बघा.

दुरुस्तीतही साध्याची बाजू भक्कम. ब्रश, एव्हीआर सुटे बदलता येतात, कॉइल जळली तर वाइंडिंगवाला नवी भरून देतो. इन्व्हर्टरचा बोर्ड मात्र रेझिनमध्ये बुजवलेला असतो. गेला की अख्खा बदला, आणि तो स्वस्त नसतो. साध्याची खोड वेगळी. वर्षभर कोपऱ्यात पडून राहिला तर रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व कधीकधी मावळतं. इंजिन छान फिरतं, पण व्होल्टेज बनतच नाही. मेकॅनिक १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून ते जागं करतो. महिन्यातून दहा मिनिटं लोडवर चालवला तर ही वेळ सहसा येत नाही. कायमच्या चुंबकाला ही भानगडच नाही.

सोसायटीच्या लिफ्टसाठी या दोघांकडे बघूच नका. तिथे चार पोलचा, १५०० फेऱ्यांचा, थ्री फेज ब्रशलेस डिझेल सेट लागतो.

कुठलाही घ्या, वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा) बसवून घ्या. नुसता सॉकेटात खुपसला तर वीज उलटी महावितरणच्या लाईनवर जाते आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते. बाल्कनीत किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दुकानात जाण्याआधी पंपावरच्या पाटीचा फोटो काढून न्या. तिच्यावरचे अँपिअर बघितल्याशिवाय जो केव्हीए सांगतो, त्याच्याकडून घेऊ नका.