कॅमेरा न थांबवता: कोकणातल्या एकांकिकावाल्यांसाठी तीन जपानी सिनेमे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकांकिका बसवणाऱ्या मंडळींनी हे तीन विनोदी सिनेमे चुकवू नयेत. पैसा तुटपुंजा, पण तालमीत कुठेही कसर नाही.

सुरुवात शिनइचिरो उएदाच्या ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) या झॉम्बीपटापासून करा. खर्च सुमारे ३० लाख येन, नट अनोळखी, जागा एक ओसाड जलशुद्धीकरण केंद्र. पहिली ३७ मिनिटं एकच शॉट. त्यात संवाद अडखळतात, पात्रं उगाच गप्पा मारत राहतात, भिंगावर उडालेलं रक्त पुसलं जातं. इथेच बरेच जण कंटाळून बंद करतात. करू नका! प्रत्येक अडखळण्याचा हिशेब उरलेल्या तासाभरात चुकता होतो आणि हसून हसून पोट दुखतं. आधी कथा वाचू नका, ट्रेलरही नको.

‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ (२०२०) करायला त्याहून अवघड. क्योटोच्या ‘युरोप किकाकु’ या नाटकमंडळीचं हे काम, दिग्दर्शक जुन्ता यामागुची, लेखक माकोतो उएदा. ७० मिनिटांचा हा सिनेमा मोबाइलवर चित्रित केलाय. कॅफेमालकाला वरच्या खोलीतल्या मॉनिटरवर दोन मिनिटं पुढचा तो स्वतःच दिसतो, खाली कॅफेतल्या टीव्हीसमोरून बोलणारा. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा: एकदा पडद्यात, एकदा पडद्यासमोर. तेच शब्द, तीच नजर, तेवढाच विराम. दशावतारातल्या नटाला आयत्या वेळी संवाद फुलवायची मोकळीक असते, इथे ती अजिबात नाही. एकाने पाच सेकंद जास्त घेतले की पडद्यातलं उत्तर प्रश्नाच्या आधी येणार आणि पुढची सगळी साखळी सरकणार. कट आहेत, पण बेमालूम लपवलेले. गुंडांचं उपकथानक सुरू झाल्यावर मात्र रंगत थोडी उतरते.

त्याच चमूचा ‘रिव्हर’ (२०२३) क्योटोजवळच्या किबुनेतल्या एका जुन्या सरायीत घडतो. दर दोन मिनिटांनी सगळे मूळ जागी परततात, आठवण तेवढी शाबूत. प्रत्येक फेरी एका शॉटात. शूटिंगच्या काळात हवा बदलत गेली, म्हणून एका फेरीत बर्फ, दुसरीत कोरडं, आणि हा फरक त्यांनी कथेतच जिरवलाय. जूनच्या सरींमध्ये बाहेर शूटिंग करणाऱ्यांनी हे नीट पाहावं.

संवाद जपानी, त्यामुळे सबटायटल वाचावी लागतात. मोबाइलवर ‘बियाँड’ नकोच. त्यात दोन पडदे समोरासमोर ठेवले जातात, तेव्हा मॉनिटरमधल्या मॉनिटरमधली माणसं ओळखूही येत नाहीत. प्रोजेक्टरवर दाखवायचा तर हक्कधारकांची परवानगी आधी काढा. पडद्याची खालची कड बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर ठेवा, नाहीतर मागच्यांना सबटायटल दिसणार नाहीत. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली आवाज बुडतो, तिथे स्पीकर प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना जवळ ठेवा. आणि इन्व्हर्टर हवाच: ‘वन कट’च्या ३७ मिनिटांत वीज गेली, तर सलग शॉटची सगळी मजा जाते.