मीठ न लागणारा सॉफ्टनर आणि आमचे साडेअडतीस हजार

वाघोलीत राहायला आल्यापासून आमच्या घरात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. 2021 मध्ये गाव महापालिकेत गेलं, पण सोसायटीच्या टाकीत आजही टँकरच रिकामा होतो. पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या तोंडाला खपली, स्टीलची भांडी वाळली की डागच डाग, तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त. याची सवय झाली होती. सवय झाली नाही ती लेकीच्या केसांची. डिसेंबरात तिचे केस इतके गळायला लागले की न्हाणीघराच्या जाळीवर रोज पुंजका साठायचा. दहावीचं वर्ष, त्यात हे. ती आरशासमोर जायचं टाळायला लागली होती.

त्याच महिन्यात सोसायटीच्या गेटजवळ ‘मोफत पाणी तपासणी’चं टेबल लागलं. मी नाव लिहून आले आणि रविवारी एक मुलगा घरी आला. बोलायला अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात ताई. आधी त्याने पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला: 840. मग दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, आणि दोन्हींत चार सळ्यांचं एक विजेचं यंत्र सोडलं. मिनिटभरात नळाच्या ग्लासात हिरवट तपकिरी गाळ फुगून वर आला. आरओचा ग्लास जवळपास तसाच. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग तो लेकीला म्हणाला, “दीदी, जरा केसांतून कंगवा फिरवा.” कंगव्यात आलेले केस त्याने तळहातावर घेतले आणि काही न बोलता माझ्यासमोर धरले.

तो विकत होता सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र. मी त्या क्षणी होकार दिला.

38,500 रुपये. निम्मे रोख, निम्मे हप्त्यांवर. पाण्याच्या मुख्य लाइनवर कमरेएवढं निळं सिलिंडर बसलं. “यात मीठबीठ काही टाकायचं नाही, मेंटेनन्स शून्य,” असं तो म्हणाला तेव्हा मला ती मोठीच सोय वाटली. त्या रात्री साबणाला असा फेस आला की लेक हसत बाहेर आली. अंग बुळबुळीत लागत होतं, केस मऊ. दोनतीन दिवसांत बादलीवर पुन्हा पांढरं दिसायला लागलं. व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणे, “पाइपमधला जुना क्षार सुटतोय ताई, आणि केसांना तीन महिने द्या.”

तीन महिने दिले, आणि खरंच केस गळायचे थांबले! कपाळाजवळ बारीक नवे केस दिसायला लागले. मी चारचौघींत कौतुक केलं आणि माझ्या शब्दावर आमच्याच विंगेतल्या दोन घरांनी तेच यंत्र घेतलं. आज मी लिहायला बसले आहे ती मुख्यतः या दोन घरांसाठी.

मे महिन्यात आमचा गिझर बंद पडला. इलेक्ट्रिशियनने कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा दगड. तो सिलिंडरकडे बघून म्हणाला, “वहिनी, मीठ कधी टाकलं होतं यात?” मी म्हटलं, याला लागत नाही. तो काही क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, “मिठाशिवाय सॉफ्टनर मी तरी बघितला नाही. उघडू का?”

वरचं तोंड उघडून त्याने आतलं सगळं घमेल्यात ओतलं. खडी. जाड वाळू. पुन्हा खडी. आणि मधे राजगिऱ्याएवढे, मधाच्या रंगाचे दाणे. आम्ही ते स्वयंपाकघरातल्या मापाने मोजले: जेमतेम चार लिटर. तेच दाणे म्हणजे रेझिन, बाकी सगळी भर.

नंतर मी या विषयात डोकं घातलं. आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते, म्हणून सविस्तर सांगते. पाणी जड होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, यालाच पाण्याचा कठीणपणा म्हणतात. रेझिनचे दाणे हे दोन्ही धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाचं दाट पाणी त्यांतून सोडावं लागतं. मग धरलेलं सगळं गटारात जातं आणि दाणे पुन्हा कामाला लागतात. हे केलं नाही तर ते नुसते दाणे. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम कठीणपणा धरतं. थेंब टाकून रंग बदलायचा कठीणपणाचा किट आणला, त्यात आमचं पाणी लिटरला 520 मिलिग्रॅम निघालं. म्हणजे चार लिटर रेझिन चारशे लिटर पाण्याच्या आतच संपलं. आमच्या घराला रोज पाचशे लागतं. तो फेस, ते मऊ केस, सगळं एका दिवसाचं होतं.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही. चांगला सॉफ्टनर लावला तरी टीडीएस खाली येत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा येतो. त्यामुळे टीडीएस दाखवून सॉफ्टनर विकणारा आला तर तिथेच सावध व्हा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. आमचं पाणी त्रासदायक होतं, विषारी नव्हतं.

आणि तो गाळ? सोसायटीतल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी तसंच यंत्र मिळवून आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. तसाच तपकिरी गाळ वर आला. यंत्रातली लोखंडी सळी झिजते, तिचाच तो गंज. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. माझ्या सासूबाई त्या गाळाला घाबरून आठवडाभर उकळलेलं पाणी पीत होत्या, हे आठवलं की अजून राग येतो.

केसांचं उत्तर त्वचेच्या डॉक्टरांकडे मिळालं. लेकीला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात आणि काही महिन्यांत बहुतेकदा आपोआप थांबतात. रक्तातलं लोह आणि थायरॉइड त्यांनी तपासून घेतलं. जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, केस रखरखीत होतात, गुंततात, मधेच तुटतात, हे खरं. पण मुळापासून पुंजके गळत असतील तर आधी डॉक्टर, नळ नंतर.

खऱ्या सॉफ्टनरला मी नावं ठेवत नाही. माझ्या नणंदेकडे आहे. शेजारी मिठाची टाकी, महिन्याला मिठाची गोणी, आणि दाणे धुतलेलं खारं पाणी थेट गटारात, झाडांना अजिबात नाही. तिच्याकडे शॅम्पू निम्मा लागतो आणि गिझर धड आहे. तिने स्वयंपाकघराचा नळ मात्र जुन्याच लाइनवर ठेवला आहे. आमच्या पाण्याचा हिशेब केला तर मऊ झालेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण 240 मिलिग्रॅम सोडियम वाढेल, आणि सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. विकणाऱ्याने घरात कोणाला बीपी आहे का, हे विचारलंसुद्धा नव्हतं. घेणार असाल तर रेझिन किती लिटर, मीठ किती दिवसांनी, हे बिलावर लिहून मागा.

कारण आमचं बिल मी तेव्हा वाचलंच नव्हतं. त्यावर ‘सॉफ्टनर’ हा शब्दच नाही, ‘वॉटर कंडिशनर’ लिहिलंय. त्या मुलाचा फोन आता लागत नाही. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची कागदपत्रं जमवते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्या मुलाचे व्हॉट्सॲपवरचे “केसांना तीन महिने द्या” हे मेसेज जपून ठेवलेत, रेझिनची बाटली भरून ठेवली आहे, गिझरची कॉइलही फेकलेली नाही.

मग मी त्या दोन्ही घरी गेले. पहिल्या घरी वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच पाना आणून दिला. दुसऱ्या घरच्या काकू निवृत्तीच्या पैशांतून घेतलेलं यंत्र उघडायला तयार नव्हत्या, “राहू दे गं, चालतंय ना” म्हणत होत्या. त्यांच्या नळाच्या पाण्यात मी किटचे थेंब टाकले, मऊ पाण्यात निळा व्हायला हवा होता तो रंग गडद लालच राहिला. काकू बराच वेळ त्या नळीकडे बघत बसल्या. मग उठून कपाटातून बिल काढलं आणि माझ्या हातात दिलं.