रोबोटचं बिल लागलं, पोटावर भोक एकही नाही

भाऊजींच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर एक जण आपणहून बोलायला आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "ताई, इथे अख्खं पोट उघडतात. आमच्याकडे रोबोट आहे. चार भोकं, पाचव्या दिवशी घरी." गाठ नेमकी कुठे आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

खरी गोम तिथेच. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असेल, तर दुर्बिणीने, म्हणजे छोट्या भोकांतून (रोबोटनेही तसंच करतात), ती काढणं आता चांगलंच रुळलंय आणि माणूस लवकर उठून फिरायला लागतो. भाऊजींची गाठ डोक्याकडे होती. म्हणजे व्हिपल नावाची शस्त्रक्रिया: स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर पुन्हा आतड्याला जोडायचं. हे दुर्बिणीने पहिल्यांदा केल्याचं १९९४मध्ये प्रसिद्ध झालं. पण नेदरलँड्समधली तुलनात्मक चाचणी मध्येच थांबवली होती. २०१९मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ रुग्ण दगावले, उघड्या शस्त्रक्रियेत ४९ पैकी १. म्हणून हात बसलेला सर्जन लागतो. त्याच वर्षी मायामीत ठरलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की केंद्रात अशा शस्त्रक्रिया वर्षाला किमान २० तरी व्हाव्यात. त्या टपरीवरच्या माणसाच्या रुग्णालयात किती होतात, याचं उत्तर "भरपूर" एवढंच मिळालं.

ऑपरेशन त्यांच्याकडेच झालं. "रक्तवाहिनीला चिकटली होती, उघडावं लागलं," असं सांगितलं. यात गैर काही नाही, शहाणा सर्जन वेळ आली की पोट उघडतोच. भाऊजी सुखरूप आहेत, तेही सांगते. पण पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी टाके पाहून विचारलं, "दुर्बिणीची भोकं कुठायत?" एकही नव्हतं. बिलात मात्र रोबोटची उपकरणं, ड्रेप्स (निर्जंतुक आवरणं), रोबोटचं भाडं, सगळं लावलेलं!

डिस्चार्ज कार्डावर काही कळत नाही, ऑपरेशन नोट्सच, म्हणजे आत काय केलं त्याची नोंद, मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठीचा नियमच आहे. आम्हाला आधी "फाइल रेकॉर्ड रूमला गेलीय" हेच ऐकवलं. नोट्स आल्या, तर पहिल्याच ओळीत बरगड्यांखालून आडवी चीर. रोबोटचा उल्लेख नाही, दुर्बीण आत घातल्याचा नाही. ठरवलेल्या सर्जनचंही नाव नाही.

त्या नोट्स आणि बिल जोडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि ग्राहक आयोगात तक्रार केली. नंतर निरोप आला, रोबोटचे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या. घेतलेली नाही.