गावाचा इतिहास शोधायचाय: आधी पुणे दफ्तर की तहसीलची रेकॉर्ड रूम?

गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेकांना आधी पुण्याचं पेशवे दफ्तर आठवतं. देशावरच्या गावांसाठी तो खजिनाच आहे: पाटीलकीचे तंटे, इनामाच्या सनदा, गावचे हिशेब. पण बहुतेक सगळं मोडीत, आणि नेमका रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मागवायला नुसतं गावाचं नाव पुरत नाही. पेशवाईत ते कोणत्या तर्फेत, कोणत्या परगण्यात (त्या काळचे महसुली विभाग) होतं हे ठाऊक लागतं. सालंही शुहूर सनातली, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेली. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे 1177. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे.

तहसीलमधले कागद त्यामानाने अलीकडचे, बरेचसे इंग्रज अमदानीतले: जुने फेरफार, कडईपत्रक (जमिनीची जुनी नोंद) आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची वही. माझा कौल इथूनच सुरुवात करण्याला आहे, आणि तो कोतवाल बुकासाठी. पेशवे दफ्तरात मुख्यतः वतनदार भेटतात. कोतवाल बुकात ज्याच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, त्याच्याही घरातला जन्म आणि मृत्यू लिहिलेला असतो: नाव, बापाचं नाव, जात, तारीख, मरणाचं कारण. पटकी, देवी, प्लेग. एकाच घरातली नावं चार दिवसांत लागोपाठ आली की ती साथ कुणाच्या दारात शिरली होती ते कळतं. असं गाव दुसऱ्या कुठल्याच सरकारी कागदात मला दिसलेलं नाही. जुनी बुकं इथेही मोडीतच असतात. पण 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी ती तपासली गेली, तेव्हा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यातली काही पानं चढली. आधी तिथे बघा.

मराठवाड्यातल्या गावांना पुण्याचा उपयोग थोडाच. तिथले जुने महसुली कागद निजामाच्या राजवटीतले, उर्दूतले. 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची नोंद, मात्र हाताशी असतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं दोन्ही वाटांबरोबर चालू ठेवा. साल विचारू नका. सभामंडप कोयनेच्या भूकंपाआधी झाला की नंतर, विहीर बहात्तरच्या दुष्काळात खणली का, असं विचारा. भूकंप डिसेंबर 1967 चा, म्हणजे साल आपोआप जवळ येतं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, येत असेल तर घराण्याचं मूळ गावही त्याच्या वहीत सापडेल.

पाटीलकीचा वाद हाच तुमचा विषय असेल, तर क्रम उलटा करा: आधी मोडीचा वर्ग, मग थेट पुणे.