कोहा : ‘खर्च निरंक’ लिहिण्यापूर्वी

मी ज्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे तेथे कोहा ही ग्रंथालय व्यवस्थापनाची संगणकप्रणाली साडेपाच वर्षे वापरात आहे. पहिली चार वर्षे ती वाचनालयातल्याच संगणकावर आम्ही स्वतः चालवली आणि गेले दीड वर्ष वार्षिक शुल्क भरून एका सेवादात्याच्या सर्व्हरवर वापरत आहोत. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः ती कोठे चालवावी याविषयी आहे.

प्रणाली उत्तमच आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी ती तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि परवान्यासाठी आजही एक रुपया लागत नाही. ग्रंथ देवघेव, सभासद, नियतकालिके, वाचकांसाठी ऑनलाइन सूची हे सारे तिच्यात आहे. मंडळाच्या ठरावात आम्ही ‘सॉफ्टवेअर खर्च : निरंक’ असे लिहिले, आणि हिशेब तेथेच चुकला.

६० वॅट घेणारा संगणक अहोरात्र चालू ठेवला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज जाते, आणि यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. पण हे खर्च निदान पावतीवर दिसतात. न दिसणारा खर्च माणसाच्या वेळेचा होता. दाखल नोंदी भरून झाल्यावर सूचीत ‘स्त्रीशिक्षण’ असा शब्द टाकला तर पुस्तके समोरच्या कपाटात असूनही शोध रिकामा येई, कारण शोधयंत्राची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते आणि देवनागरीसाठी आयसीयू ही वेगळी मांडणी निवडून संपूर्ण सूचीची अनुक्रमणी नव्याने बांधावी लागते. एवढे उमगायला एका सभासदाच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचे तीन रविवार गेले. कोहाची मुख्य आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, किरकोळ सुधारणा दरमहा येतात. त्या बसवण्याचे कामही त्याच्याकडेच होते. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्याबरोबर आमचे सारे तांत्रिक ज्ञानही गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हार्ड डिस्क निकामी झाली. कोहा रोज रात्री बॅकअप घेते याची आम्हांला खात्री होती आणि ते खरेही होते. मात्र मूळ रचनेत तो बॅकअप त्याच संगणकावर साठतो, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. पेन ड्राइव्हवरची प्रत सात आठवडे जुनी निघाली. ग्रंथपालबाईंनी त्या सात आठवड्यांची देवघेव कागदी चिठ्ठ्यांवरून, रोज वाचनालय बंद झाल्यावर दोन तास बसून, पुन्हा भरली. त्या तासांचे मोल कोणत्याही ताळेबंदात आले नाही, आणि ते द्यायला हवे होते असे मला आजही वाटते.

आता अद्ययावतीकरण, बॅकअप आणि सुरक्षा सेवादाता पाहतो, आणि ज्या वाचनालयात लिनक्स (कोहा ज्यावर चालते ती कार्यप्रणाली) जाणणारी दोन माणसे नाहीत त्यांनी आरंभापासून हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच माणूस असेल तर तो नसल्यासारखाच धरावा. या मार्गालाही दुसऱ्या इंटरनेट जोडणीचा खर्च आहे, कारण जोडणी तुटली की देवघेवीची खिडकी अडते. सेवा सोडताना काय हाती पडेल हे करारापूर्वीच विचारून घ्यावे. ‘तुमचा डेटा मार्क फाइलमध्ये मिळेल’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण मार्क हे ग्रंथसूचीच्या नोंदींचे प्रमाणित स्वरूप आहे; त्या फाइलमध्ये ग्रंथांच्या आणि प्रतींच्या नोंदी येतात, पण सभासद व त्यांच्या देवघेवीचा इतिहास येत नाही. त्यासाठी संपूर्ण डेटाबेसची प्रत लागते. आम्ही ती अट करारात घालून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती प्रत उतरवली जाते आणि नवी डिस्क घातलेल्या त्याच जुन्या संगणकावर उघडून, कोणत्याही दहा सभासदांची खाती रजिस्टरशी ताडून पाहिली जातात.