सीसीडब्ल्यूपी प्रमाणपत्र : ऐरोलीत कामाचं, तळोज्यात अपुरं

ऐरोली, महापे, घणसोली किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत बसून परदेशी कंपन्यांचा ऑफरोल स्टाफ, म्हणजे कंपनीच्या पगारपत्रकावर नसलेली बाहेरची माणसं, सांभाळणाऱ्यांमध्ये नावापुढे सीसीडब्ल्यूपी लावायची चढाओढ दिसते. पूर्ण नाव सर्टिफाइड कंटिंजंट वर्कफोर्स प्रोफेशनल. देणारी संस्था स्टाफिंग इंडस्ट्री ॲनालिस्ट्स ही अमेरिकन संशोधन कंपनी. आधी वर्ग, मग परीक्षा, सगळं इंग्रजीत. प्रमाणपत्र व्यक्तीला मिळतं, तिच्या कंपनीला नाही. नोकरी बदलली तरी ते सोबत येतं, म्हणून फी कंपनीने भरली तर एचआर बहुधा वर्ष-दोन वर्षांचा बाँड पुढे करतं. तो आधी वाचा, मग नाव नोंदवा.

अभ्यासक्रमाचा कणा चांगला आहे. बाहेरून घेतलेली माणसं कंपनीत येतात कशी, त्यांना कोण निवडतं, दर कोण ठरवतं, टाइमशीट कोण पास करतं, माणूस गेल्यावर त्याचं ओळखपत्र आणि लॉगइन कोण बंद करतं, ही साखळी इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र मांडलेली मिळते. रोज फील्डग्लास किंवा बीलाइन या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर रिक्विझिशन, म्हणजे माणसाची मागणी, पुढे ढकलणाऱ्या माणसाला आपण नेमकी कोणती कडी ओढतोय ते पहिल्यांदा कळतं. व्हीएमएस (व्हेंडर मॅनेजमेंट सिस्टीम) म्हणजे हे सॉफ्टवेअर आणि एमएसपी (मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणजे ते चालवणारी, पुरवठादारांवर लक्ष ठेवणारी संस्था. हा फरक आपल्याकडे मुलाखतीतसुद्धा गुलदस्त्यात राहतो. इथे तो पक्का होतो.

सगळ्यात उपयोगी भाग एसओडब्ल्यूचा (स्टेटमेंट ऑफ वर्क), म्हणजे कामाच्या करारावर आणलेल्या माणसांचा. दरपत्रक चुकवायचं असेल तर मॅनेजर लोक माणूस एजन्सीकडून न घेता 'प्रोजेक्ट' म्हणून घेतात. कागदावर प्रोजेक्ट असतो, पण बिल दर महिन्याला तासांवर येतं, तोच माणूस दोन वर्षं त्याच खुर्चीत असतो आणि रोजचं काम त्याला कंपनीचाच टीम लीड देतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की करार तपासायला घ्यावा. अमेरिकेत असा गोंधळ किती महाग पडतो त्याचं ठरलेलं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. 'पर्माटेम्प' कामगारांच्या दाव्यात कंपनीने २००० साली ९.७ कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे तोच प्रश्न कंत्राट खरं की दिखाऊ, या नावाने येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या 'सेल' (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालानंतर कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, पण कंत्राटच बनावट निघालं तर औद्योगिक न्यायालय त्याला मूळ मालकाचाच कामगार ठरवू शकतं.

परदेशी नियमांची तयारी पाठ करूनच ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये एजन्सीच्या कामगाराला १२ आठवड्यांनंतर पगार आणि मूलभूत अटींत बरोबरीची वागणूक. एप्रिल २०२१ पासून मोठ्या आणि मध्यम खासगी कंपन्यांवरही आयआर३५ ची, म्हणजे कंत्राटदार करापुरता नोकर ठरतो का हे ठरवण्याची, जबाबदारी. जर्मनीत एकाच ठिकाणी साधारणपणे १८ महिने ही कमाल मुदत. कॅलिफोर्नियात माणूस स्वतंत्र कंत्राटदार की नोकर हे ठरवणारी, एबी५ कायद्याखालची एबीसी कसोटी. घणसोलीत बसून म्युनिकच्या माणसाची मुदत वाढवणाऱ्या मुलीला १८ महिन्यांचा आकडा माहीत नसेल, तर सिस्टीम तिला अडवेलच असं नाही.

परीक्षेत आपले लोक अडकतात ते अनुभवामुळे. को-एम्प्लॉयमेंटचा, म्हणजे एकाच माणसाचे दोन मालक असण्याचा, प्रश्न आला की इथला माणूस सरळ आपल्या कायद्याने विचार करतो. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालक देणार, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि इथे ते कोणाला शिकवावं लागत नाही. तिथे मात्र दोन्ही मालकांमध्ये जबाबदारी कशी वाटली जाते, नियंत्रण कोणाचं, हे प्रश्नागणिक बघावं लागतं. उत्तर देताना वागळे इस्टेट बाजूला ठेवायची.

आता दराचं प्रकरण. वर्गात मार्कअप आणि मार्जिन वेगळे करून शिकवतात. कामगाराला ५० डॉलर आणि बिल ७० डॉलर असेल तर मार्कअप ४० टक्के, मार्जिन २८.५७ टक्के. हे बरोबरच आहे. पण हेच गणित घेऊन तळोज्याच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारासमोर बसलात तर फसगत ठरलेली. एक बिल उलगडून बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, किमान वेतनही तेवढंच धरू. पीएफ, ईडीएलआय (पीएफशी जोडलेला विमा) आणि प्रशासन शुल्क मिळून मालकाचा हिस्सा १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ७२२. वर्षाच्या १८ रजांचे महिन्याला ८६५. बेरीज २०,२७५. त्यावर ६ टक्के सेवाशुल्क धरलं की बिल २१,४९२ आणि १८ टक्के जीएसटीसह २५,३६०. कामगाराच्या हातात पीएफचे १,८००, ईएसआयसीचे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन १२,८८७ पडतात. स्त्री कामगार असेल तर २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही, मग १३,०८७.

पुस्तकी हिशेबाने इथे मार्कअप ४३ टक्के. परदेशातला प्रोक्युरमेंटवाला ते बघून डोळे वटारतो आणि कपात मागतो. पण ठेकेदाराची खरी कमाई १,२१६ रुपये, बिलाच्या ५.७ टक्के. बाकी सगळं कायद्याचं देणं. त्यात भर म्हणजे एमएसपीची फी पुरवठादाराच्या बिलातून कापायची पद्धत. २ टक्के म्हटलं की ४३० रुपये गेले, म्हणजे ठेकेदाराच्या कमाईचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. शिवाय बिल ६० दिवसांनी आणि पगार मात्र ७ तारखेच्या आत. हा ताण कुठून तरी भरून निघतो. रजेचे पैसे दिले जात नाहीत, बोनस 'पगारातच धरलाय' असं सांगितलं जातं, नाहीतर हजेरीवर ८० माणसं आणि पीएफमध्ये ६० नावं. सेवाशुल्क १ टक्का किंवा शून्य लिहिलेलं कोटेशन आलं की स्वस्त मिळालं म्हणून पेढे वाटू नयेत. पुरवठादार कमी करा, दर खाली आणा, हा धडा इथे जसाच्या तसा लावला की पहिला बळी कामगाराचा पीएफ असतो.

सीसीडब्ल्यूपीची मर्यादा इथे दिसते. भारतातला कायदा खोलात शिकवणं हा त्याचा उद्देशच नाही. तळोजा, रबाळे, अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटी कामगार सांभाळणाऱ्याने पदरचे डॉलर यावर घालवू नयेत. त्याच्या टेबलावरचं काम वेगळं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांची तरतूद आता ५० किंवा जास्त कामगारांना लागते. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच २० वरून ५० केली होती. मुख्य कामात कंत्राटी कामगारांना बंदी, पण सफाई, सुरक्षा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं ही कामं सहसा मुख्य धरली जात नाहीत. मुदतीच्या नेमणुकीवर एका वर्षात ग्रॅच्युइटी, त्यामुळे वरच्या गणितातले ७२२ रुपये आता शोभेपुरते ठेवून चालत नाही.

माल चढवण्या-उतरवण्याला आपल्याकडे आणखी एक पदर आहे, जो कुठल्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही. १९६९ चा माथाडी कायदा. तुर्भे-वाशीचा एपीएमसी बाजार असो की भिवंडीची गोदामं, माथाडीचं काम असेल तर मंडळाकडे नोंदणी आणि मजुरीवर लेव्ही भरावी लागते. जागतिक कंपनीचा गोदाम व्यवस्थापक हे 'लॉजिस्टिक्स व्हेंडर' या एका ओळीत उरकतो आणि मग मंडळाची नोटीस आली की कायदा विभागात धावपळ.

कारखान्याच्या माणसाला खरी गरज आहे ती दर महिन्याचं बिल पास करण्याआधी काय बघायचं, हे हाताला वळण लागेपर्यंत शिकवणाऱ्या वर्गाची. ईसीआरमधली, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्रातली, यूएएन नंबरांची (कामगारांच्या पीएफ क्रमांकांची) यादी गेटच्या हजेरीशी नावागणिक जुळवायची. नुसती बेरीज जुळवून काही कळत नाही, कारण एकच ईसीआर दोन-तीन मूळ मालकांना दाखवणारे ठेकेदार असतात. चलनावरचा टीआरआरएन हा व्यवहार क्रमांक ईपीएफओच्या साइटवर तपासायचा, पैसे १५ तारखेच्या आत जमा झालेत का बघायचं. ईएसआयसीत पगार २१,००० च्या वर गेला म्हणून नाव लगेच वगळलेलं दिसलं तर थांबायचं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च हे वर्गणीचे टप्पे आहेत, टप्पा संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते. ओव्हरटाइम मर्यादेसाठी मोजत नाहीत. पगारपत्रक बनवणारी मुलं नेमकी इथे चुकतात आणि मग कामगार वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात गेला की त्याचं कार्ड चालत नाही.

असं शिक्षण हवं असेल तर परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था हे जुनं, खात्रीचं ठिकाण. ठाण्याहून मध्य रेल्वेने थेट, वाशीहून कुर्ल्याला गाडी बदलून. ठाणे-नवी मुंबईत शनिवार-रविवारचे 'लेबर कम्प्लायन्स' वर्ग भरपूर आहेत, दर्जा मात्र वरखाली. नाव घालण्याआधी एकच विचारा : खऱ्या ईसीआर आणि मस्टरवर सराव घेता का? नुसत्या स्लाइड असतील तर रविवार घरी घालवलेला बरा.

सीसीडब्ल्यूपी घ्यायचंच ठरलं असेल तर वर्ग कोणत्या भागाचा आहे ते बघून निवडा. युरोपच्या वेळेचा वर्ग इथे दुपारी-संध्याकाळी पडतो. अमेरिकेच्या वेळेचा रात्री, तोही शिफ्ट संपवून ऐरोलीहून डोंबिवली-कल्याण गाठणाऱ्याला झेपणारा नाही. ज्या देशांचा कार्यक्रम तुम्ही चालवता त्याच भागाचा वर्ग घ्या, कारण उदाहरणं आणि कायदे त्यानुसार येतात. फी डॉलरमध्ये असेल तर बँकेचं परकीय चलन शुल्क, बहुतेक क्रेडिट कार्डांवर २ ते ३.५ टक्के, आणि त्यावर जीएसटी धरून बजेट करा. कंपनी पैसे देणार असेल तर पावती सुरुवातीपासून कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह मागा. स्वतःच्या नावाने भरून नंतर परतावा मागितला की अकाउंट्सवाले परदेशी सेवेवरच्या रिव्हर्स चार्जसाठी (सेवा घेणाऱ्यानेच भरायच्या जीएसटीसाठी) ते बिल अडवून ठेवतात.