वाड्यातलं मॉड्युलर किचन: एक पावसाळा काढल्यानंतर

गुढीपाडव्याला नव्या सैपाकघरात दूध उतू घातलं आणि परवा तिथेच कोजागिरीचं आटवलं. सात महिने झाले, मधला अख्खा पावसाळा धरून. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर फोटो टाकून पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

घर वाईला, घाटापासून दोन गल्ल्या आत. भिंती दोन फूट जाड, खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीचं बांधकाम, चुन्याचा गिलावा, डोक्यावर सागवानी तुळया आणि कडीपाट. जुन्या सैपाकघरात चुलीचा कोपरा, मोरी, दोन देवळ्या आणि एक फडताळ. आता तिथे एल आकाराचा ओटा, हँडल नसलेली फिक्या राखाडी रंगाची मॅट कपाटं, इंडक्शन, गॅस, चिमणी. अंदाज साडेचार लाखांचा होता, सव्वासहा लागले. वरचे पैसे कुठे गेले ते पुढे येईलच.

आधी चांगलं. ड्रॉवरला तोड नाही. डबे काढायला वाकणं नाही, मागचा डबा विसरणं नाही. ओट्याची एक बाजू ३४ इंच उंच आणि दुसरी मुद्दाम ३१ इंच ठेवली. सासूबाई उंचीने कमी, ३४ वर पोळ्या लाटताना त्यांचे खांदे कानाला लागायचे. डिझायनरला ती पायरी ‘लाइन तोडते’ म्हणून नको होती. आम्ही लाइन तोडली. आज घरात सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच तीन फुटांची जागा.

आता भिंत. या भिंतीत स्क्रू धरत नाही. ड्रिल लावलं की मूठभर माती हातात येते, प्लग गोल गोल फिरतो. वरची कपाटं टांगायला आलेल्या मुलांनी अर्धा दिवस झटापट केली आणि फोन काढून बसले. शेवटी गावातल्या सुतारकाकांनी जमिनीपासून तुळईपर्यंत सागाची चौकट उभी केली आणि कपाटं तिच्यावर बसवली. सगळं वजन चौकटीवर, भिंतीवर काही नाही. शिवाय भिंत नऊ फुटांत दोन इंच तिरकी होती, हेही चौकटीमुळेच झाकलं गेलं. सव्वासहातले बरेच इथे मुरले.

खरी परीक्षा जुलैत झाली. खालच्या कपाटांतून कुबट वास यायला लागला. ड्रॉवर काढून बॅटरी मारली तर मागच्या पातळ फळीवर हिरवट बुरशी, पार वरपर्यंत. बाजूच्या फळ्या आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या, त्यांना काही झालं नव्हतं. पाठ मात्र साधी, भिंतीला घट्ट चिकटवलेली, आणि खाली स्कर्टिंग लावून हवा बंद. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उघाडीत सोडते. इथे सोडायला जागाच नव्हती. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ‘सीपेज वॉरंटीत येत नाही.’ शेवटी आम्हीच पाठी कापून काढल्या आणि स्कर्टिंगच्या जागी जाळी लावली. आठवडाभरात वास गेला. पाठ नसल्यामुळे एकदा उंदीर आला, तेवढा सोसला.

सिंकमागची चूक मात्र आमचीच. तीन भिंतींना चुनाच ठेवला, पण पाण्याची बाजू म्हणून तिथे सिमेंट आणि टाइल्स करू दिल्या. गवंडीमामा नको म्हणत होते. ऑगस्टमध्ये टाइल्सच्या वर हातभर लोणा फुटला. बोट लावलं की पिठासारखा पांढरा भुगा. ओल सिमेंटमधून बाहेर पडेना म्हणून वर चढली. शेजारची चुन्याची भिंत आजही कोरडी आहे.

बाकी थोडक्यात. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचे डाग पडतात. लगेच पुसले तर जातात, पण घाईच्या सकाळी लगेच कोण पुसतं? तापलेली कढई थेट ठेवू नका, त्या दगडात राळ असते, ती उष्णतेने खराब होते. आज निवडायचं झालं तर काळा ग्रॅनाइट. इंडक्शनसाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि अर्थिंग करून घ्या, वाड्यातल्या जुन्या वायरिंगवर भरवसा नको. चिमणीचा पाइप दोन फुटांची भिंत न फोडता जुन्या धुराड्यातून वर काढला. एकच वळण असल्याने ओढ चांगली आहे. फोडणीचा वास माजघरात जात नाही, याचं सासूबाईंना जरा वाईटच वाटतं.

देवळ्या आणि फडताळ डिझायनरच्या चित्रात नव्हते, तरी आम्ही ठेवले. ऐन पावसाळ्यात मीठ आणि पापड कोरडे राहिले ते फडताळातच.

तारे द्यायचे तर ड्रॉवरना पाच, सुतारकाकांना पाच, कंपनीला दोन. सिंकमागचं सिमेंट खरवडून चुना करायचा आहे. गवंडीमामा ‘दिवाळीनंतर येतो’ म्हणालेत. कुठली दिवाळी, ते अजून विचारलेलं नाही.